मामांचं ‘थोडंसं’

भाषांतर बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण चौकशीला बसलेल्या साहेबांनीही मला तेवढंच विचारलं होतं. "मॅडम, ऑपरेटर जे बोलला तेच तुम्ही जर्मनमध्ये सांगितलंत ना?" मी म्हटलं, हो, शब्दाला शब्द. त्यांनी तसं लिहून घेतलं, मी सही केली आणि रिक्षा करून बदलापूरला घरी आले. त्यानंतर बरेच दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

मी दुभाषी आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत युरोपातून मशिनं येतात, त्यांच्याबरोबर विटेएवढाली मॅन्युअलं येतात, आणि मशीन बसवायला नाहीतर तपासायला तिकडची माणसं येतात. त्यांचं बोलणं आपल्या माणसांना सांगायचं आणि आपल्या माणसांचं त्यांना, यात माझी पंचवीस-तीस वर्षं गेली. जर्मन पक्की येते. इटालियन, डच वगैरे कामापुरती. आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही, कारण मला माझ्या कामाचा गर्व होता. ‘मी पदरचं काही घालत नाही’ असं मी प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. याच गर्वाने माझा घात केला. माझा म्हणजे, खरं तर दुसऱ्याचाच.

मला एक नाद होता. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तशी मी बढाईचे आणि नम्रतेचे शब्द जमवायचे. निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, तिला मी फुशारकीची वही म्हणायचे. हा नाद लागला उल्हासनगरात, लहानपणी.

आम्ही चार नंबर कॅम्पात राहायचो. शेजारी एक सिंधी कुटुंब, मधली भिंत एकच. त्यांच्या घरातल्या चाचीने कढी केली की वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "खा के देखो! मेरी जैसी कढी पूरे कॅम्प में किसी को नहीं आती." आणि खरंच यायची नाही कुणाला. वाटी परत करताना आई तीत काहीतरी घालून द्यायची, पुरणपोळी म्हणा, अळूवडी म्हणा, आणि पुटपुटायची, "काही जमली नाहीये हो आज. मेली बिघडलीच." तीही उत्तम असायची. चाची बिचारी बरीच वर्षं असं समजत होती की माझ्या आईला स्वयंपाक येत नाही आणि ती बाई दर वेळी फसलेलं काहीतरी शेजारधर्म म्हणून देते. एकदा तिने आईला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, "मैं सिखा दूँगी." आई घरात येऊन तोंडात पदर कोंबून हसत होती.

पण आमच्या घराची ती रीतच होती. चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते. वाईटाला फार वाईट म्हणायचं नाही, लोकांना त्रास होतो. सगळं ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘बरंय आपलं’. घरातल्यांना त्याचा हिशेब पाठ असायचा. आईच्या ‘जरा’ला दहाने गुणायचं, हे मला शाळेत पाढे शिकायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मी नववीत असताना एका दुपारी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जरा कसंतरीच होतंय गं." बाबा जेवत होते. ते ताटावरून तसेच उठले, खरकट्या हाताने. रिक्षा, दवाखाना. तिथे बाबा डॉक्टरांसमोर हात जोडून काय म्हणाले असतील? "डॉक्टरसाहेब, सवड झाली की हिला जरा बघता का?" डॉक्टरांनी बाकाकडे बोट दाखवलं. बाबा बसले. तेवढ्यात मागून चाची आली, पायात चप्पल नाही, आणि तिने जो काही आवाज लावला! "ये मर रही है! पूरी दुनिया में ऐसी औरत नहीं मिलेगी, और आप बिठा के रखते हो? अभी देखो! अभी!" डॉक्टर धावले. हार्ट अटॅक होता. आई वाचली ती चाचीच्या आवाजामुळे, हे आमच्या घरात सगळे मान्य करायचे. आवाज लावायला मात्र कुणी शिकलं नाही. मीसुद्धा नाही.

मोठेपणी जर्मन शिकताना हे सगळं आठवायचं आणि मी वहीत शब्द टिपायचे. बढाईखोराला जर्मनमध्ये ‘आन्गेबर’ म्हणतात. ‘आउफश्नायडर’ही म्हणतात, म्हणजे कापणारा, मोठी सुरी घेऊन ऐटीत मांस कापून वाढणारा. इटालियन म्हणतात, तो स्वतःला हवा देतो. हे वाचून मी एकटीच खुदकन हसले होते, कारण कॅम्पातल्या नाक्यावरची पोरंही तेच म्हणायची, लय हवा आहे त्याला! हंगेरीत फुशारक्या मारणाऱ्याला मोठ्या चेहऱ्याचा म्हणतात. नम्रतेचे शब्द त्यामानाने कमी सापडले, आणि जे सापडले ते बघून बरं वाटेना. स्पॅनिशमधला ‘उमिल्दे’ म्हणजे नम्र, आणि तोच शब्द गरिबालाही. इंग्रजी हंबलच्या मुळाशी जमीन आहे, मातीलगतचा तो नम्र. जर्मन शब्द ‘बेशायडन’. मुळात ज्याला त्याचा वाटा नेमून दिलेला आहे आणि जो तेवढ्यातच राहतो, तो बेशायडन. पण बोलताना जर्मन माणूस सुमार गोष्टीलाही हाच शब्द वापरतो. जेवण बेशायडन, हॉटेल बेशायडन. म्हणजे नम्र माणसाला कमी लेखायची सोय भाषेतच करून ठेवलीय की, असं मी समासात लिहिलं होतं. किती हुशार वाटलं होतं मला स्वतःला ते लिहिताना.

आता मामांबद्दल सांगते. ज्या कारखान्यात मी वरचेवर जायचे, तिथे सेंट्रिफ्यूजवर ते अठरा वर्षं ऑपरेटर होते. बारवी धरणाकडच्या एका पाड्यातले. अख्खा प्लांट त्यांना मामा म्हणायचा, मीही. सेंट्रिफ्यूज म्हणजे कपडे पिळायच्या मशीनचा आडदांड भाऊ समजा. आत जाळीचं भलंमोठं पिंप गरागरा फिरतं, ओल्या मालातलं सॉल्व्हंट बाहेर फेकलं जातं आणि पावडर आत राहते. त्या पिंपाचा तोल बिघडला तर काय होतं, हे मॅन्युअलच्या पाचव्या पानावर लाल चौकटीत लिहिलेलं आहे. ते मीच मराठीत केलं होतं.

मामा रोज सकाळी मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग म्हणायचे, "चाललंय बापडं." दसऱ्याला मशीनला हार घालतानाही तेवढंच. कुणी म्हटलं, मामा, तुमच्यामुळे चालतं हो हे धूड, तर म्हणायचे, "माजं काय, मी फक्त उभा ऱ्हातो." अठरा वर्षांत त्यांनी मशीनची तक्रार केली नव्हती आणि कौतुकही केलं नव्हतं.

कारखान्याला मोठी ऑर्डर आली. बॅच वाढवायची, पिंपात माल जास्त भरायचा, त्याआधी बनवणाऱ्यांकडून मशीन तपासून घ्यायचं ठरलं आणि जर्मनीहून एक इंजिनीयर आले. साठीचे, टापटीप, वागायला सज्जन. इंग्रजी बेताचं, म्हणून मी. पहिल्याच वाक्यात त्यांनी सांगितलं, "या मशीनवर मी बावीस वर्षं काम केलंय. मला यातलं सगळं माहीत आहे." त्यात बढाई नव्हती हं. ती त्यांच्याकडची साधी ओळख करून द्यायची पद्धत. मी ते मराठीत सांगितलं. मग त्यांनी मामांकडे बघून विचारलं, "आणि यांना मशीनची माहिती आहे?"

मामा हसले. "थोडंफार बघतो."

मी म्हटलं, "आइन बिस्शेन." थोडंफार. शब्दाला शब्द. इंजिनीयरनी मान हलवली आणि त्यानंतर ते मामांकडे फारसे वळलेच नाहीत. मला ते दिसत होतं. आत कुठेतरी टोचलंही होतं.

प्लांटचे साहेब शेजारी उभे. त्यांच्या तोंडाला तर विश्रांतीच नव्हती. "सांगा त्यांना, अख्ख्या अंबरनाथमध्ये असं मेंटेनन्स कुठे नाही. एकदम फर्स्ट क्लास कंडिशन. आपली टीम नंबर वन." तेही मी शब्दाला शब्द सांगितलं. न्यायाने वागले ना मी? फुशारकीही पूर्ण पोचवली आणि नम्रताही पूर्ण पोचवली.

इंजिनीयरनी मशीन रिकामं फिरवून मीटर लावला. आकडा मर्यादेत होता. त्यांनी समाधानाने टिपून घेतला आणि जाता जाता, फॉर्मवर रकाना होता म्हणून, विचारलं, "ऑपरेटरला काही जाणवतं का?"

मी मामांना विचारलं. मामांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. हातात तो स्क्रू ड्रायव्हर होता, त्याची मूठ ते अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "भरल्यावर थोडंसं हलतंय, ताई. आवाज जरा येगळा लागतो. पन माज्या कानाचा दोष आसंल. वय झालं."

मला तिथेच कळलं. खोटं कशाला बोलू? कळलं होतं. अठरा वर्षांत ज्या माणसाने ‘चाललंय बापडं’च्या पलीकडे शब्द काढला नव्हता, तो म्हणत होता थोडंसं हलतंय. वर ‘जरा’ही. मला गुणाकार येत होता. बाबांसारखं ताटावरून उठायचं होतं मी. इंजिनीयरचा हात धरून सांगायला हवं होतं, की हा माणूस या मशीनला तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतो आणि हा तुम्हाला म्हणतोय मशीन बंद करा. पण ते मामांनी म्हटलंच नव्हतं. आणि मी पदरचं काही घालत नाही.

मी म्हटलं, "भरल्यावर थोडंसं कंपन होतं असं ते म्हणतात. आवाज किंचित वेगळा येतो. पण कदाचित त्यांच्या कानाचा दोष असेल, वय झालंय."

इंजिनीयर हसले, मामांच्या खांद्यावर थोपटलं आणि फॉर्मवर लिहिलं. त्याखाली मराठी भाषांतर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. बेअरिंग पुढच्या नेहमीच्या देखभालीच्या वेळी बघावं, अशी शिफारस. साहेब खूश.

मग कँटीनमध्ये जेवण. आणि हे लिहिताना मला अजूनही स्वतःची चीड येते. आम्ही तिथे तासभर बसलो होतो. एक आख्खा तास! इंजिनीयर समोर, कामातून मोकळे, गप्पांना उत्सुक. मी काय केलं? पर्समधून निळी वही काढली आणि त्यांना माझे शब्द दाखवले. ते फार रंगले. त्यांची बायको डच. त्यांनी मला डच शब्द दिला, ‘ऑपस्खेपर’, म्हणजे डावभर भरून वाढून घेणारा, आणि बढाईखोरही तोच. कँटीनचा डाव वरणातून वर काढून त्यांनी तो करूनच दाखवला. मी हसले. वहीत लिहून घेतलं. नम्रतेबद्दल बोलताना ते म्हणाले, तुमचा तो ऑपरेटर खरा बेशायडन माणूस. मी म्हटलं, हो, फारच. आणि पापड मोडला.

निघताना गेटपाशी मामा उभे होते. "ताई, सांगितलंत ना त्यास्नी?"

"सांगितलं की, मामा. तुम्ही म्हणालात तसंच."

"मंग झालं," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा हलका झाला. सांगणं आपलं काम, समजून घेणं समोरच्याचं, हीच तर रीत होती आमची सगळ्यांची. एवढ्या लांबून आलेला जाणता माणूस आपलं ‘थोडंसं’ ऐकून काय ते करेलच, अशी त्यांची खात्री होती. मी रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं तर ते आत निघाले होते, स्क्रू ड्रायव्हर खिशातून बाहेर डोकावत होता. मला परत जावंसं वाटलं. रिक्षावाल्याला थांब म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, आपण कोण लागून गेलो मशीनमधलं सांगणारे? शब्दांची हमाल मी. अशी ऐन वेळी मला नम्रता सुचली.

पुढचे तीन दिवस मी घरी एका मॅन्युअलवर काम करत होते. आवाजाचं प्रकरण आलं की हात थांबायचा. फोन उचलायचे, ठेवायचे. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा तो कशाचा आहे हे मला उचलायच्या आधीच कळलं होतं.

प्लांटचे साहेब. आवाज पार उतरलेला. "मॅडम, त्या जर्मनचा नंबर पाठवा लगेच. सेंट्रिफ्यूज फुटला."

"मामा?"

"त्यांना जरा लागलंय. उल्हासनगरला नेलंय."

जरा. मी कुलूपही न लावता निघाले. बदलापूरहून उल्हासनगरपर्यंत रिक्षावाल्याशी भांडत गेले. रस्ता तुंबलेला, तो म्हणे, "मॅडम, उडके जाऊं क्या?" मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

दवाखान्यात मामा कॅज्युअल्टीतल्या कॉटवर होते. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, अंगावर पांढऱ्या पावडरचा थर, चेहरा राखेच्या रंगाचा. शेजारच्या खाटेवर कुणाचा तरी पाय मोडला होता आणि तो माणूस छत डोक्यावर घेत होता. दोन्ही डॉक्टर त्याच्याकडे. मामांची बायको भिंतीला टेकून उभी होती. नर्स फॉर्म भरत होती. "काका, एक ते दहा आकड्यांत सांगा, किती दुखतंय?"

मामांनी मला पाहिलं आणि ओळखीचं हसू आणायचा प्रयत्न केला. "दोन-तीन लिवा, बाय. पोटात थोडंसं दडपल्यावानी वाटतं, बाकी काय नाय. त्यांचं बघा आदी, त्यांना लई तरास व्हतोय."

नर्सने तीन लिहिलं.

आणि मग माझ्या तोंडून चाचीचा आवाज निघाला. चाळीसेक वर्षं उशिरा. "नऊ लिहा!" मी ओरडले. "दहा लिहा! हा माणूस मरतोय! अख्ख्या अंबरनाथमध्ये याच्यासारखा माणूस नाही, कळतंय का तुम्हाला? पोट बघा त्याचं! आत्ता! आत्ताच्या आत्ता!" नर्स म्हणाली, "मॅडम, पेशंट स्वतः सांगतायत ना." मी तिच्या हातातला फॉर्म ओढला. पेन घेतलं आणि तिनावर काट मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या बोलण्यात पदरचं घातलं. मोडक्या पायाचा माणूससुद्धा ओरडायचा थांबला.

डॉक्टर आले. त्यांनी मामांच्या पोटावर हात ठेवून दाबलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मग एकदम धावपळ. कॉट ढकलत नेताना मामा मान वळवून मला म्हणाले, "ताई, उगाच लोकांना तरास..." दार बंद झालं.

मी आणि त्यांची बायको बाहेर बाकावर बसलो. तिने मला विचारलं नाही की मी कोण. मी तिला सांगितलं नाही की तो फॉर्म, ते भाषांतर, तो कँटीनमधला तास. पर्समध्ये ती वही होती. मला ती पर्सच नकोशी झाली होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, आपल्याकडचेच असावेत. त्यांनी मास्क खाली केला, तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मावशी," ते म्हणाले, "थोडंसं सिरियस आहे."

ती बाई बाकावरून खाली सरकली आणि फरशीवर बसली. तिला भाषांतर लागलं नाही.